मदत हवी आहे : लिनक्स मिंटवर मागच्या स्पीकरमधून आवाज नाही, समोरच्या हेडफोनमधून मात्र येतो

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून लिहून राहिलो. आमच्या गावच्या अभ्यासिकेत एक जुना डेस्कटॉप आहे, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, आय३, चार जीबी रॅम, साउंड बोर्डावरचंच, रियलटेक एएलसी ६६२ चिप. त्याच्यावर लिनक्स मिंट आहे मेट डेस्कटॉपवालं, आधी २१.३ होतं आता २२ आहे. मागच्या हिरव्या जॅकला साधे दोन स्पीकर लावलेले. तर प्रॉब्लेम असा का या स्पीकरमधून आवाज बिलकुल येत नाही, आणि कॅबिनेटच्या समोरच्या जॅकमध्ये हेडफोन लावला का त्यातून एकदम स्वच्छ येतो.

स्पीकर खराब नाहीत, मोबाइलला लावून पाहिले, मस्त वाजतात. वायरही बदलून पाहिली.

आता मी काय काय केलं ते सांगतो म्हणजे तुम्हाले परत विचारा लागणार नाही. टर्मिनलमध्ये एप्ले -एल दिलं, म्हणजे साउंड कार्डांची यादी काढली, तर कार्ड दिसते, कार्ड शून्य एचडीए इंटेल पीसीएच, डिव्हाइस शून्य एएलसी ६६२ अ‍ॅनालॉग, आणि डिव्हाइस तीन एचडीएमआय. म्हणजे कर्नलले कार्ड सापडलं आहे, ड्रायव्हर एसएनडी-एचडीए-इंटेल लागलेला आहे. गाणं लावलं का पावूकंट्रोल या आवाजाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये आवाजाची पट्टी हालते. कॉन्फिगरेशनमध्ये अ‍ॅनालॉग स्टिरिओ ड्युप्लेक्स निवडलेलं आहे, एचडीएमआय नाही. आवाज इकडून तिकडे नेणाऱ्या पाईपवायर, पाईपवायर-पल्स आणि वायरप्लंबर या तिन्ही सर्व्हिस रिस्टार्ट केल्या, काही फरक नाही. होम फोल्डरमधलं जुनं पल्सऑडिओचं (पाईपवायरच्या आधीची आवाजाची सर्व्हिस) कॉन्फिग पण हटवलं, यूट्यूबवर तेच सांगतात सगळे.

मग टर्मिनलमधलं अल्सामिक्सर उघडलं, त्यात कार्डाच्या आवाजाच्या पट्ट्या दिसतात, तर तिथं मास्टर, हेडफोन, पीसीएम सगळं सुरू आणि फ्रंट नावाच्या, म्हणजे मागच्या हिरव्या जॅकच्या, पट्टीखाली एमएम, म्हणजे म्यूट. एम दाबून ते काढलं, तरी आवाज नाही. उजवीकडे सरकत गेलो तर ऑटो-म्यूट मोड (हेडफोन लागला का स्पीकर आपोआप बंद) दिसला, तो एनेबल्ड होता, तो डिसेबल्ड केला आणि लगेच आवाज सुरू! पण मशीन रिस्टार्ट केलं का फ्रंट पट्टी परत एमएम. सेटिंग सेव्ह करायची अल्साकंट्रोल स्टोअर ही कमांड सुडो लावून दिली, तरी तेच. आमच्या इथं दिवसातून लाइट किती वेळा जाते याचा भरवसा नाही, आणि यूपीएसची बॅटरी केव्हाच बसली, म्हणजे दर वेळी लाइट आली का कोणीतरी टर्मिनल उघडून एम दाबा लागते. मी शेतीवाला माणूस, सध्या कापसाची वेचणी सुरू आहे, दिवसभर वावरात असतो, मी काही तिथं बसून राहत नाही.

घाई कायची आहे ते पण सांगतो. अभ्यासिकेत नववीतला एक पोरगा येते, त्याला दिसत नाही. त्याच्यासाठी आम्ही ओर्का स्क्रीन रीडर लावलं आहे, ईस्पीक एनजीमध्ये मराठी आवाज आहे, यंत्रासारखा आहे पण समजते, आणि पोरानं त्याची सवय करून घेतली. तो आणि त्याचा दोस्त सोबत अभ्यास करतात, एक ऐकते एक पाहते. हेडफोनवर हे जमत नाही, दोघात एकाच्याच कानाले आवाज, आणि दुसऱ्याला काय चाललं ते माहीत नाही. शिवाय मशीन सुरू झाल्यावर आवाज नसला तर त्या पोरासाठी ते मशीन बंदच आहे, त्यानं एमएम काढायचं तरी कुठून? त्याच्यासाठी मले असा उपाय पाहिजे जो लाइट गेल्यावरही टिकेल.

माझा अंदाज असा का २१.३ वरून २२ वर गेलो तेव्हापासून हे सुरू झालं. २१ मध्ये पल्सऑडिओ होतं, २२ मध्ये पाईपवायर आलं. तर मग परत २१.३ टाकू का? का पाईपवायर काढून पल्सऑडिओ बसवू? २१ ला २०२७ पर्यंत अपडेट आहेत म्हणून विचारून राहिलो. कोणाले माहीत असेल त्यांनी कृपया सांगा. नेट मोबाइल हॉटस्पॉटवर चालते, मोठं काही डाउनलोड करायचं असेल तर रात्री करा लागेल.

प्रतिसाद १, पुण्याहून :
परत २१.३ टाकू नका दादा, एवढं सगळं नीट तपासून लिहिलंय तर जरा थांबा. एक गोष्ट राहिली. पावूकंट्रोलमध्ये आउटपुट डिव्हाइसेसच्या टॅबमध्ये पोर्ट नावाचा ड्रॉपडाउन असतो. समोर हेडफोन लावलेला नसताना तिथे काय निवडलेलं दिसतं? आणि प्रत्येक नावापुढे प्लग्ड इन लिहिलंय की अनप्लग्ड, ते अक्षरश: जसं आहे तसं लिहा.

धागाकर्ता :
आत्ताच पाहून आलो. पोर्टमध्ये हेडफोन्स निवडलेलं आहे आणि त्याच्यापुढे प्लग्ड इन लिहिलेलं. लाइन आउट पण आहे, त्याच्यापुढेही प्लग्ड इन. पण दादा समोर काहीच लावलेलं नाही, जॅक रिकामा आहे! हेडफोन लावून काढून पाहिला तरी तिथलं अक्षर बदलत नाही, कायम प्लग्ड इन.

प्रतिसाद २ :
विंडोज टाका आणि मोकळे व्हा, एवढी डोकेफोड कशाला.

धागाकर्ता :
भाऊ तुमचं म्हणणं समजलं पण हे मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, आणि १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला. पोरगा ओर्कावर शिकला आहे, त्याले परत नवीन शिकवणं मले बरोबर वाटत नाही.

प्रतिसाद ३, अकोल्याहून :
भाऊ, कॅबिनेट उघडलं होतं का मधात? म्हणजे रॅम बदलली, एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय बदलला, असं काही? अपग्रेडच्या आगेमागे? आठवून सांगजा, याच्यावर सगळं आहे.

धागाकर्ता :
हो भाऊ. पावसाळ्यात गावात वीज पडली तेव्हा एसएमपीएस गेला होता. तालुक्याच्या एका दुकानात नेला होता, त्यानं एसएमपीएस टाकून दिला आणि बोर्ड पण काढून साफ करून बसवला म्हणे. मशीन घरी आलं आणि मी त्याच आठवड्यात २२ टाकलं. मध्ये २१.३ वर आवाज ऐकला का नाही ते नाही सांगता येत, तेव्हा पेरणीची गडबड होती, अभ्यासिका बंदच होती.

प्रतिसाद ३, अकोल्याहून :
बस, मग समजलं. पाईपवायरचा काही दोष नाही.

पाहा, समोरच्या ऑडिओ जॅकची वायर बोर्डावर एका दहा पिनच्या हेडरले लागते, त्यातली एक पिन नसते म्हणून नऊच दिसतात, बाजूले एफ-ऑडिओ किंवा एचडी-ऑडिओ असं छापलेलं राहते. जुन्या कॅबिनेटमध्ये या वायरले दोन टोकं राहतात, एकावर एसी९७ लिहिलेलं आणि दुसऱ्यावर एचडी ऑडिओ. दोन्ही त्याच हेडरवर बसतात, आकार सारखाच. इथंच घोळ होते. एसी९७ हा जुना प्रकार, इंटेलनं १९९७ मध्ये काढलेला. त्यात हेडफोन लावला आहे का नाही हे जॅक बोर्डाले सांगत नाही. समोर हेडफोन घुसवला का जॅकमधली पत्ती मागच्या स्पीकरचा सर्किट तोडून टाकायची, एवढंच. २००४ मध्ये एचडी ऑडिओ आलं, त्यात वेगळी सेन्सची लाइन आहे, ती बोर्डाले सांगते का बाबा आता हेडफोन आला, आता गेला.

आता एचडीवाल्या हेडरले एसी९७ चं टोक लावलं तर डाव्या उजव्या आवाजाच्या पिना जागेवर येतात म्हणून हेडफोन वाजते, पण सेन्सच्या पिनेवर भलतंच काही येते आणि कोडेक, म्हणजे बोर्डावरची साउंड चिप, चुकीचं वाचते. कुठं कायम लागलेला दाखवते, कुठं कधीच लागलेला दाखवत नाही. तुमच्याकडे कायम लागलेला दाखवून राहिलं. कोडेकले वाटते हेडफोन लागला आहे, मग ड्रायव्हर मागची लाइन बंद करते. तुमच्या ऑटो-म्यूटचा अर्थ हाच. विंडोजमध्ये रियलटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रंट पॅनेल जॅक डिटेक्शन बंद करायचं एक बटण याच्याचसाठी दिलेलं आहे.

आता उघडून पाहजा. मशीन बंद करा, पॉवरची वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाते. हात लोखंडी कॅबिनेटले लावून मगच आत घाला. एफ-ऑडिओवर कोणतं टोक आहे ते वाचा. एसी९७ असेल तर काढून एचडी ऑडिओ वालं लावा, नसलेल्या पिनेची जागा पाहून, जोर नाही द्यायचा. आणि बायोसमध्ये फ्रंट पॅनेल टाइप असं काही असेल तर तिथं एचडी ठेवा.

प्रतिसाद १, पुण्याहून :
अगदी बरोबर. आणि रिस्टार्टनंतर एमएम परत का येतं त्याचं कारण पण हेच आहे, ते लिहितो कारण हा भाग सगळ्यांना चकवतो. अल्साकंट्रोल स्टोअरने तुमची सेटिंग सेव्ह होते आणि बूट होताना परत लागतेही. पण लॉगिन झाल्यावर पाईपवायर येतो, तो बघतो की हेडफोन लागलेला आहे, हेडफोनला प्राधान्य जास्त, म्हणून हेडफोन्स पोर्ट निवडतो. आणि त्या पोर्टच्या फाइलमध्येच लिहिलेलं असतं की फ्रंट बंद करा. म्हणून अल्सामध्ये कितीही सेव्ह केलं तरी शेवटचा हात पाईपवायरचा फिरतो. पल्सऑडिओमध्येही ही फाइल अशीच आहे, त्यामुळे २१.३ वर गेला असतात तरी दुखणं सोबत आलं असतं.

एचडी ऑडिओवालं टोक वायरला नसेलच तर दोन मार्ग. सोपा म्हणजे ऑटो-म्यूट डिसेबल्ड ठेवून पावूकंट्रोलमध्ये लाइन आउट पोर्ट हाताने निवडणं, वायरप्लंबर ते बहुतेक वेळा लक्षात ठेवतो. पक्का म्हणजे अल्सा-टूल्स-जीयूआय पॅकेज टाकून त्यातलं एचडीएजॅकरिटास्क उघडणं. तिथे समोरच्या हेडफोनची पिन, एएलसी ६६२ वर ती बहुधा ०एक्स१बी असते, तिला ओव्हरराइडची खूण करून नॉट कनेक्टेड करा आणि इन्स्टॉल बूट ओव्हरराइड दाबा. मग कर्नलच्या दृष्टीने तो जॅक अस्तित्वातच राहत नाही. ०एक्स१४ ला हात लावू नका, तो मागचा हिरवा आहे. पॅकेज लहान आहे, हॉटस्पॉटवर सहज येईल.

प्रतिसाद ४ :
माझा पण असाच प्रॉब्लेम आहे, पण माझ्याकडे एप्लेमध्ये कार्ड शून्यवर एचडीएमआय आणि कार्ड एकवर पीसीएच दिसतं, बोर्ड एच८१. हेच करू का?

प्रतिसाद १, पुण्याहून :
नाही ताई, तुमचं वेगळं. इंटेल प्रोसेसरच्या हॅसवेल पिढीपासून (तुमचा एच८१ त्यातलाच) एचडीएमआयचा आवाज वेगळं कार्ड म्हणून दिसतो आणि तो आधी नंबर लावतो. पावूकंट्रोलच्या कॉन्फिगरेशनमध्ये एचडीएमआयवालं कार्ड ऑफ करा, आवाज अ‍ॅनालॉगवर जाईल. नाही झालं तर वेगळा धागा काढा, इथे दोन आजारांची सरमिसळ होईल.

धागाकर्ता :
मंडळी, झालं! आज संध्याकाळी टॉर्च धरून कॅबिनेट उघडलं. अकोल्याच्या भाऊंनी सांगितलं तसंच, हेडरवर एसी९७ लिहिलेलं टोक बसवलेलं, आणि एचडी ऑडिओवालं टोक तिथंच रिबिनीत गुंडाळून बाजूले खोचलेलं. बदललं, मशीन सुरू केलं, पावूकंट्रोल उघडलं तर हेडफोन्सपुढे अनप्लग्ड आणि पोर्ट आपोआप लाइन आउट. हेडफोन लावला का प्लग्ड इन होते, काढला का परत स्पीकर. ऑटो-म्यूट मी परत एनेबल्ड करून ठेवला, आता तो बरोबर काम करते. मग मुद्दाम मेन स्विच बंद करून लाइट गेल्यासारखं केलं, परत सुरू केलं, लॉगिन झाल्याबरोबर ओर्का बोललं.

जॅकमध्ये धूळ आणि कापसाची रुई पण लय होती, ती ब्रशनं काढली. आमच्याकडे या दिवसात ती सगळीकडेच राहते, म्हणून दोन्ही जॅकले रबराची टोपी लावून टाकली.

पुण्याच्या दादांनी सांगितलेलं एचडीएजॅकरिटास्क वापरायची गरज पडली नाही, पण वहीत लिहून ठेवलं आहे, शेजारच्या गावातल्या शाळेत असंच एक मशीन आहे, तिथंही फक्त हेडफोनच वाजते म्हणतात. रविवारी जाऊन आधी ते हेडर पाहतो, तिथं एचडीवालं टोक नसलं तर मग पिन बंद करतो.

आता एकच राहिलं. समोरचा माइक लावला का बारीक घरघर येते, मागच्या गुलाबी जॅकले लावला तर येत नाही. अर्थिंगचं असेल का? आमच्या अभ्यासिकेतल्या लाइटच्या बोर्डाले अर्थिंग आहे का नाही तेच आधी वायरमनले विचारतो, आणि मग लागलं तर वेगळा धागा काढतो. या धाग्याचं नाव बदलून त्याच्यापुढे 'सुटलं' असं लिहून राहिलो.