मदत हवी आहे: ईमेलचा मराठी सब्जेक्ट हेडरमधून वाचताना मधेच फुटतो

रेघोट्या
दोन दिवस याच्यात गेलेत, डोकं बधिर झालंय. ईमेलच्या हेडरसाठी (मजकुराच्या आधी येणाऱ्या सब्जेक्ट, पत्ते वगैरे ओळी) छोटी मदतनीस फंक्शन्स लिहिली आहेत. एक हेडर वेगळे काढतं, एक सब्जेक्ट डिकोड करतं, एक पत्ते सोडवतं. इंग्रजी सब्जेक्ट व्यवस्थित येतो. मराठी सब्जेक्ट लांब असला की फुटतो, आखूड असला तर कधीच नाही. चाचण्या सगळ्या पास, लॉगमध्ये एकही एरर नाही. काय चुकतंय? संध्याकाळपर्यंत हवंय, कृपया लवकर सांगा.

सर्व्हरवाला
भाषा कोणती? "फुटतो" म्हणजे पडद्यावर नक्की काय दिसतं? कच्चा हेडर कसा आहे? एवढं सांगितल्याशिवाय कोणीही फक्त अंदाजच बांधेल.

तिसरीघंटा
आधी एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनकडून आला का हे पडताळायच्या सोयी) तपासा. आमच्याकडे मेल पोचत नव्हते तेव्हा डीएनएसमधली एसपीएफची नोंदच चुकलेली होती. ती दुरुस्त केली आणि त्याच दिवशी मेल पोचायला लागले.

रेघोट्या
@तिसरीघंटा, मेल पोचतात हो. प्रश्न फक्त सब्जेक्टचा आहे.
@सर्व्हरवाला, पायथन. पाठवलेला सब्जेक्ट असा:
पुढील बैठकीची सूचना आणि कामांची यादी
आणि माझं फंक्शन देतं ते असं:
पुढील बैठकीची सू? ??ना आणि कामांची य? ??दी
इथे प्रश्नचिन्हं टाकली आहेत, प्रत्यक्षात तिथे ते काळे चौकोन येतात. दुसऱ्या काही सब्जेक्टमध्ये चौकोन नसतात, नुसती एखाद्या शब्दाच्या पोटात जास्तीची स्पेस असते. यामागचा नियमच लागत नाहीये.

पाऊलखूण
ही फंक्शन्स स्वतः लिहायची गरजच काय? पायथनसोबत ईमेल नावाचं मॉड्यूल येतं. त्यातलं डिकोड_हेडर वापरा आणि मोकळे व्हा. हेडरचे नियम १९८२ च्या आरएफसी ८२२ पासून साचत आलेत (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). पुढे २००१ मध्ये २८२२ आणि २००८ मध्ये ५३२२ आलं. ते सगळं एकट्याने रेगेक्समध्ये (मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्रात) बसवणं होत नाही. मी स्वतः हे करून पस्तावलोय.

रेघोट्या
डिकोड_हेडर वापरून पाहिलं होतं. सब्जेक्टमध्ये एन्कोड केलेलं (साध्या इंग्रजी चिन्हांत बदलून लिहिलेलं) काही असेल तर बाइट्स देतं, साधाच मजकूर असेल तर स्ट्रिंग देतं. प्रत्येक ठिकाणी दोन्ही तपासत बसावं लागायचं. म्हणून स्वतःचं लिहिलं. रेगेक्सने एकेक एन्कोडेड तुकडा शोधतो, डिकोड करतो, जागेवर ठेवतो.

शाईपेन
पीएचपीत एमबी_डिकोड_माइमहेडर आहे. एका ओळीत काम होतं, मी कित्येक वर्षं तेच वापरतोय.

पाऊलखूण
प्रश्नकर्ता पायथन वापरतोय हे वर लिहिलंय. आणि पीएचपीचं ते फंक्शन ८.३ च्या आधी क्यू पद्धतीतल्या (एन्कोड करायच्या बी आणि क्यू अशा दोन पद्धती आहेत) अंडरस्कोरची स्पेस करत नव्हतं, अंडरस्कोर तसाच ठेवायचं. तेव्हा त्यालाही तपासूनच घ्यावं लागतं.

शाईपेन
मला कधी अडचण आली नाही.

सर्व्हरवाला
कारण मराठी सब्जेक्ट बहुतेक बी पद्धतीत (म्हणजे बेस-६४, दर तीन बाइटांची चार चिन्हं) येतात. क्यू पद्धतीत एकेका अक्षराला नऊ चिन्हं लागतात, म्हणून तिथे अंडरस्कोर फारसा समोर येत नाही. पण हा वाद इथे नको. रेघोट्या, कच्चा हेडर अजून आलेला नाही.

रेघोट्या
आत्ता समोर उघडलाय. तीन ओळी आहेत, दुसरी आणि तिसरी स्पेसने सुरू होते. प्रत्येक ओळीत =?यूटीएफ-८?बी? मग बेस-६४ चा मजकूर मग ?= असं. बेस-६४ चा भाग पहिल्या ओळीत ६० चिन्हं, दुसरीत ६०, तिसरीत १२. याच्यात वेगळं काय आहे? सगळ्यांचेच हेडर असे असतात.

जुनीपाटी
रेघोट्या, उत्तर तुमच्याच दुसऱ्या पोस्टमध्ये आहे. "सू" नंतर स्पेसच्या आधी एक चौकोन आणि स्पेसच्या नंतर दोन. "य" नंतरही तसंच, एक आणि दोन. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. म्हणजे "सूचना" मधला च आणि "यादी" मधला काना एक बाइट अलीकडे, दोन बाइट पलीकडे असे फाटलेत.

बेस-६४ ची ६० चिन्हं म्हणजे ४५ बाइट. आता तुमचा सब्जेक्ट बाइटांत मोजू. "पुढील" १५, स्पेस १, "बैठकीची" २१, स्पेस १, मग स आणि उकार मिळून ६. झाले ४४. पंचेचाळिसावा बाइट म्हणजे च चा पहिला बाइट, आणि तिथेच तुकडा संपला. पुढे ९० व्या बाइटावर पुन्हा तेच होतं.

आरएफसी २०४७ मध्ये, १९९६ सालच्या, स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक एन्कोडेड तुकड्यात पूर्ण अक्षरंच हवीत, एक अक्षर दोन तुकड्यांत विभागायचं नाही. तुम्हाला हे मेल पाठवणारा प्रोग्राम तो नियम पाळत नाही. तो प्रोग्राम कोणाचा आहे?

रेघोट्या
आमचाच. पाठवायचं फंक्शनही माझंच आहे. ते नीट चालतं असं गृहीत धरलं होतं, कारण माझ्या फोनवर तोच सब्जेक्ट बरोबर दिसतो. त्यात पूर्ण सब्जेक्टचं बेस-६४ करतो आणि ६० चिन्हांवर कापतो.

सर्व्हरवाला
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. फोनवर बरोबर दिसतं कारण तिथला प्रोग्राम शेजारशेजारचे बाइट आधी जोडतो आणि मग डिकोड करतो. तुमचं वाचणारं फंक्शन एकेक तुकडा सुटा डिकोड करतं.

जुनीपाटी
आणि "नियम लागत नाही" याचं कारण. स्पेस एका बाइटाची. पहिल्या ४५ बाइटांत स्पेस नसेल, किंवा तीन असतील, तर उरलेल्याला तिनाने नि:शेष भाग जातो आणि काप बरोबर दोन अक्षरांच्या मधे पडतो. एक-दोन स्पेस असतील तर अक्षर फाटतं. इंग्रजी अंक, पूर्णविराम, कंस यांचाही एकेक बाइट, तेही याच हिशोबात धरा. चाचणीत कोणता सब्जेक्ट घेतलाय?

रेघोट्या
क हे अक्षर ४० वेळा.

आत्ता कळलं. १२० बाइट, प्रत्येक काप १५ अक्षरांवर, म्हणून ती चाचणी कधीच फेल होणार नाही. आणि चाचणीत हेडरची घडी (लांब हेडर मोडून स्पेसने सुरू होणाऱ्या पुढच्या ओळीत नेणं) घालत नाही, तुकडे सलग जोडून थेट डिकोडकडे देतो. म्हणून स्पेसचा घोळही कधी पकडला गेला नाही. पण ती जास्तीची स्पेस येते कुठून?

जुनीपाटी
घडी उलगडताना फक्त ओळबदल काढायचा असतो, पुढची स्पेस राहते. तुमचं फंक्शन तिथपर्यंत बरोबर आहे. पण दोन एन्कोडेड तुकड्यांच्या मधे निव्वळ रिकामी जागा असेल तर डिकोड करताना ती टाकून द्यायची. तुकड्याशेजारी साधा मजकूर असेल तर मात्र ती ठेवायची. शब्दाच्या पोटातली स्पेस ही पहिल्या प्रकारातली आहे.

शाईपेन
पाठवताना सरळ शब्दावर कापा. बाइट मोजत बसायचं कशाला? नाहीतर "क्ष" सारखं जोडाक्षर मधून तुटेल आणि वाचणाऱ्याला क्‌ एकीकडे, ष दुसरीकडे दिसेल.

जुनीपाटी
क, हलन्त आणि ष ही युनिकोडच्या दृष्टीने तीन वेगळी अक्षरं. त्यांच्या मधे काप पडला तरी नियम मोडत नाही, डिकोड झाल्यावर ती पुन्हा जुळतात. मुख्य म्हणजे एक अक्षर फाटता कामा नये.

शाईपेन
पण मधली जागा न टाकणारे प्रोग्राम आहेतच की. रेघोट्यांचा स्वतःचाच तसा होता. तिथे जोडाक्षर तुटलेलं दिसणारच.

जुनीपाटी
हा मुद्दा मान्य. मग शब्दावर कापा, पण शब्दांमधली स्पेस एन्कोडेड तुकड्याच्या आत घ्या. ती बाहेर ठेवली तर वाचणारा नियमाप्रमाणे ती टाकून देईल आणि "सूचनाआणि" असं एकसंध दिसेल. एखादा शब्दच तुकड्यात मावला नाही तर अक्षरावर कापावं लागेल. एका तुकड्यात १५ देवनागरी चिन्हं मावतात, मात्रा आणि अनुस्वार धरून.

पाऊलखूण
किंवा त्याच ईमेल मॉड्यूलमधलं ईमेलमेसेज वापरा, त्याच्या सब्जेक्टला साधी स्ट्रिंग द्या, कापाकापी लायब्ररी करेल. वाचताना पार्सरला पॉलिसी.डिफॉल्ट सांगा, मग सब्जेक्ट नेहमी डिकोड झालेली स्ट्रिंग म्हणूनच मिळतो. तुमची बाइट्स-की-स्ट्रिंग ही तक्रार तिथेच मिटते. पॉलिसी सांगितली नाही तर जुनी पद्धत लागू होते आणि कच्चा मजकूर हातात येतो, बरेच जण तिथेच अडकतात.
आणखी एक. सब्जेक्ट कुठल्या फॉर्ममधून येत असेल तर त्यातले ओळबदल तपासता का? कोणी सब्जेक्टमध्ये ओळबदल घालून पुढे स्वतःचा बीसीसी हेडर जोडला तर तुमचा सर्व्हर इतरांना मेल वाटत सुटेल. ईमेलमेसेज अशा वेळी एरर देतं. तुमचं फंक्शन काय करतं?

रेघोट्या
काहीच करत नाही. हे डोक्यातच आलं नव्हतं. आजच घालतो.

मधलीओळ
याच धाग्यात विचारते. मला अटॅचमेंटच्या मराठी नावाचा त्रास आहे, डाउनलोड केल्यावर नाव विचित्र येतं. तीच युक्ती चालेल का?

सर्व्हरवाला
नाही. फाइलचं नाव हे हेडरमधलं पॅरामीटर, त्याला आरएफसी २२३१ लागतं. तिथे नावापुढे तारांकन येतं आणि बाइट टक्के-चिन्हाने लिहितात. अवतरणचिन्हात २०४७ ची पद्धत घालू नये असं नियम सांगतो, तरी ती घालणारे प्रोग्राम आहेत. वेगळा धागा काढा, तिथे कच्चा हेडर लावा.
रेघोट्या, तुमचं हेडर वेगळे काढणारं फंक्शन डिक्शनरी परत करतं का? रिसीव्ह्ड हा हेडर एकाच मेलमध्ये अनेकदा येतो, प्रत्येक सर्व्हर आपला वरती जोडत जातो. डिक्शनरीत एका नावाला एकच नोंद असते, म्हणून एकच उरेल.

रेघोट्या
हो, डिक्शनरीच आहे. यादी करतो.

तर, पाठवणारं फंक्शन बदललं. आता शब्दावर कापतो, स्पेस आत घेतो, तुकडा ४५ बाइटांच्या वर जाऊ देत नाही. वाचणाऱ्यात शेजारचे एकाच कॅरेक्टरसेटचे तुकडे आधी बाइट म्हणून जोडतो आणि मग डिकोड करतो, कारण जुने फाटके मेल पेटीत पडलेलेच आहेत. "सूचना" आणि "यादी" दोन्ही नीट आले, जुन्या मेलमध्येसुद्धा. चाचणीत क च्या जागी बैठकीचाच सब्जेक्ट घातला, घडी घालून. जुन्या कोडवर तो लगेच फेल होतो, तेही पाहिलं.

@पाऊलखूण, लायब्ररीकडे वळायचंय, पण आज ते जमणार नाही.

जुनीपाटी
छान. पहिली ओळ तेवढी बघा. तिच्यात इंग्रजी अक्षरांतला "सब्जेक्ट", कोलन आणि स्पेस मिळून नऊ चिन्हं आधीच गेलेली असतात, आणि एन्कोडेड तुकडा असलेली ओळ ७६ चिन्हांच्या आत हवी. तुमचा तुकडा ७२ चा (६० चिन्हं आणि भोवतालची १२), म्हणजे ती ओळ ८१ ची होते. पहिला तुकडा ३९ बाइटांवर थांबवा, तेरा अक्षरं मावतील.

रेघोट्या
केलं. पहिल्या तुकड्यात आता "पुढील बैठकीची" एवढंच बसतं, ३८ बाइट, पुढची स्पेस धरून.