काजू ब्राझीलचा, मग ब्राझीलशी आपलं आज काही नातं उरलंय का?

सत्तरीकर
नमस्कार मंडळी. गोव्यात वाळपईजवळ आमची काजूची बाग आहे, आजोबांनी लावलेली. परवा बोंडू (काजूची रसाळ फळं) वेचताना मुलगी म्हणाली बाबा, टीचर सांगत होत्या काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगिजांनी 16व्या शतकात आणला हे मला ऐकून माहीत होतं, पण काजू हा शब्दसुद्धा तिकडच्या तुपी लोकांचा आहे हे तिनंच मला वाचून दाखवलं. अननस, पपई, मिरची पण त्याच बाजूची. आता आमच्याकडे परदेश म्हटलं की पोर्तुगाल, पासपोर्ट, लिस्बन एवढंच बोलणं, ब्राझील आठवतो फक्त वर्ल्डकपला, तेव्हा गावभर पिवळे झेंडे. एवढ्या लांबच्या देशाशी आज आपलं खरंच काही देणंघेणं आहे का? तिला नीट सांगायचंय.

तारवटी_बाब
मी 22 वर्षं तारवार म्हणजे जहाजावर होतो, ब्राझीलची सांतोस, साल्वादोर ही बंदरं कितीतरी वेळा केली. साल्वादोरला पहिल्यांदा उतरलो तर रस्त्यावर फणसाचे गरे विकायला! आंबा, माड, फणस आपल्याच बाजूनं तिकडे गेले, फणसाला ते जाका म्हणतात. लिस्बनहून गोव्याला येणारी-जाणारी जुनी जहाजं तिथं थांबायची ना, त्यातनं हे सगळं गेलं-आलं.
पण तुझ्या मुलीला हे सांग. त्या साल्वादोरच्या कार्निव्हलात 'फिल्युस द गांधी' म्हणजे गांधींची लेकरं म्हणून एक मंडळ आहे, 1949 साली गोदीतल्या हमालांनी काढलेलं, गांधीजी जाऊन वर्षच झालं होतं. पांढरे कपडे, डोक्याला पांढरं गुंडाळलेलं, गळ्यात निळ्या-पांढऱ्या माळा आणि हजारोंनी माणसं आफ्रिकन तालावर चालतात. मी ते बघितलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं, घरापासून एवढ्या लांब कोणी आपल्या माणसाचं नाव घेऊन नाचतंय.

गोठेवाला_पेडणे
आपण त्यांना गाय दिली हे विसरू नका. तिथली मांसाची सगळ्यात मोठी जात नेलोरे, ती आंध्रातल्या नेल्लोरच्या नावानं, म्हणजे आपली ओंगोल. आणि दुधाची जिरोलांडो म्हणजे आपली गीर आणि विलायती होल्स्टिन गाय यांचा संकर. त्यांनी गीर निगुतीनं वाढवली, नोंदी ठेवल्या, निवड केली, आणि आपण संकराच्या मागे लागून इथे आपलीच गाय बाजूला टाकली. याचं मला फार वाईट वाटतं, माझ्या गोठ्यात दोन गीर आहेत म्हणून जास्तच.

डिचोलीची_मास्तरीण
गोड गोड सगळं ठीक, पण एक बाजू राहिली. भारत-ब्राझील राजनैतिक संबंध 1948 पासून आहेत, तरी गोव्याच्या प्रश्नात ब्राझील पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या बाजूनं उभा होता. 1955 मध्ये भारत-पोर्तुगाल संबंध तुटले तेव्हा दिल्लीत पोर्तुगालचं वकिलातीचं काम ब्राझीलनंच बघितलं. माझे काका त्याच वर्षीच्या सत्याग्रहात होते, आमच्या घरी हे अजून कोणी विसरलेलं नाही. आणि गंमत नाही तर इतिहास म्हणून सांगते, नेवऱ्याचे बेर्नार्दु पेरिश द सिल्व, 1835 चे गोव्याचे पहिले गोमंतकीय प्रीफेक्ट म्हणजे राज्यप्रमुख, ते त्याआधी परागंदा होऊन रिओला राहिले होते. म्हणजे त्याच ब्राझीलनं आपल्या माणसाला आसरा पण दिलेला. मुलीला दोन्ही सांगा.
2016 च्या ऑक्टोबरात ब्रिक्सची (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका या देशांच्या गटाची) बैठक गोव्यात बाणावलीला झाली आणि ब्राझीलचे अध्यक्ष तेमेर आले, तेव्हा काका हयात असते तर काय म्हणाले असते असं मनात आलं होतं.

वेर्णा_शिफ्ट
आजचं विचारताय तर मी रोज बघतो. आमच्या कंपनीतनं गोळ्यांचे कन्साइनमेंट ब्राझीलला जातात, त्यांच्या अन्विसाचं, म्हणजे औषधं तपासणाऱ्या सरकारी खात्याचं, इन्स्पेक्शन आलं की आठ दिवस झोप नाही. आपण तिकडे डिझेल, औषधं, शेतीची रसायनं पाठवतो आणि तिकडनं क्रूड, सोयाबीन तेल, साखर, सोनं येतं, 2024-25 मध्ये मिळून साधारण 12 अब्ज डॉलर. एवढ्या मोठ्या दोन देशांना हे कमीच आहे, 2025 मध्ये 20 अब्जांचं टार्गेट ठरलंय. आणि जानेवारी 2021 मध्ये पुण्यात बनलेले कोविड लशीचे 20 लाख डोस गेले तेव्हा तिथल्या अध्यक्षांनी द्रोणागिरीसारखी लस उचलून आणणाऱ्या हनुमानाचं चित्र टाकून आभार मानले होते, आठवतंय ना.
माझं म्हणणं वेगळंच आहे. लेबल, लिफलेट, डॉसियर (औषधाच्या मंजुरीची फाईल) सगळं पोर्तुगीजमध्ये लागतं आणि ते बघणारी माणसं मिळत नाहीत. माझी सासूबाई सेगुंद ग्राव म्हणजे पोर्तुगीज काळातली शाळेची दुसरी पायरी झालेली, एकदा तिनं लिफलेटमधली चूक काढून दिली, आमच्या कोणाच्याच लक्षात आली नव्हती. 20 कोटींवर ब्राझिलियन जी भाषा बोलतात ती आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे आणि आपण ती फक्त जुन्या कागदपत्रांची समजतो. गोवा विद्यापीठात शिकवतात, पोरांना पाठवा हो.

सत्तरीकर
बाब, ताई, सगळ्यांचे आभार, मुलीनं वहीत उतरून घेतलं, गांधींच्या लेकरांचं दोनदा वाचायला लावलं. एक माझ्याकडनं. काल शोधताना कळलं की तिकडे पियावी राज्यात बोंडूच्या रसाचं काजुईना म्हणून पेय करतात, रस गाळून बाटलीत उकळतात, दारू अजिबात नाही. आमच्याकडे फेणीच्या (काजूच्या दारूच्या) भट्टीला देऊन उरलेले बोंडू झाडाखाली कुजतात. तारवटी बाब, तुम्ही प्यायलात का कधी ते? चव आणि रंग कसा असतो सांगाल का, या सीझनला पाच बाटल्या करून बघणार आहे.