कोडच्या फायली: टॅबमध्ये की वेगवेगळ्या विंडोत?

रात्रपाळी
मागच्या आठवड्यात 27 इंची दुसरा मॉनिटर घेतला आणि लगेच ऑफिसातल्या पोरांशी वाजलं. माझं म्हणणं, ज्या दोन फायली एकमेकींकडे बघत लिहायच्या त्या वेगवेगळ्या विंडोतच हव्यात. एका मॉनिटरवर टेस्ट, दुसऱ्यावर कोड. टॅबचं काय होतं, आमच्या जँगोच्या (पायथनमध्ये वेबसाइट बांधायची चौकट) प्रोजेक्टात प्रत्येक ॲपची एक मॉडेल्स डॉट पीवाय आणि एक व्ह्यूज डॉट पीवाय. चौदा टॅब उघडले की कुठली कुणाची? आमचा कोड लिहायचा एडिटर, व्हीएस कोड, बिचारा शेजारी फोल्डरचं नाव दाखवतो, पण इतकं बारीक की चाळिशी लावूनही दिसत नाही. तुम्ही काय करता?

अर्धविराम
टॅबच. आणि टॅबवरची नावं वाचायचीच कशाला? कंट्रोल-पी दाबा, नावातली चार अक्षरं टाका, फाईल हजर. शेजारी-शेजारी हवी तर कंट्रोल आणि बॅकस्लॅश, एडिटर दुभागतो. ब्राउझर, टर्मिनल, मीटिंग, त्यात तुमच्या सहा विंडो. अर्धा दिवस आल्ट-टॅब बडवण्यात जाणार. शिवाय प्रत्येक नवी विंडो आपली एक्स्टेंशनं, म्हणजे एडिटरला जोडलेली जादा अवजारं, पहिल्यापासून चालू करते. 8 जीबीच्या लॅपटॉपवर हा थाट करून पंख्याचा आवाज ऐका एकदा.

रात्रपाळी
पंख्याचं खरंय, पण ते पूर्ण नव्या विंडोचं झालं. 2023 च्या डिसेंबरात आलेल्या व्हीएस कोडच्या 1.85 आवृत्तीपासून टॅब धरून बाहेर ओढला की सुटी विंडो होते. ती मूळ विंडोचीच एक्स्टेंशनं वापरते.

खडूफळा
तुमचं भांडण ऐकून ईमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्यांना हसू येत असेल. तुम्ही ज्याला विंडो म्हणता त्याला तिथे फ्रेम म्हणतात, आणि फ्रेमच्या आतल्या कप्प्याला विंडो. फाईल कुठल्याही फ्रेममधून बघा, बफर, म्हणजे मेमरीत उघडलेली तिची प्रत, एकच. मी स्वतः व्हिम या तिसऱ्याच एडिटरचा माणूस, त्यामुळे मला दोन्हीकडे मित्र नाहीत. चालू द्या.

पाटावरवंटा
रात्रपाळीदादा, माझा सपशेल विरोध, आणि तो पोळल्यामुळे. प्रोजेक्टच्या दोन प्रती होत्या, एक टेस्टिंगची, एक लाइव्हची, म्हणजे लोक खरोखर वापरतात ती. दोन विंडो, दोन्हींत सेटिंग्ज डॉट पीवाय. आल्ट-टॅबच्या नादात डेटाबेसचा पत्ता बदलला तो लाइव्हच्या प्रतीत. रात्री पावणेबाराला फोन. त्याआधी एकदा एकच फाईल दोन पूर्ण विंडोंत उघडून दोन्हीकडे बदल केले होते. दुसरीकडे सेव्ह करायला गेले तर एडिटर म्हणतो, डिस्कवरची फाईल तुमच्यापेक्षा नवी आहे. बसा जुळवत.

खडूफळा
व्हिम यातला दुसरा प्रकार आधीच अडवतो. तीच फाईल दुसऱ्या टर्मिनलात उघडलीत की ई-325 म्हणून पानभर ओरडतो, स्वॅप फाईल (फाईल उघडी असताना व्हिम बाजूला ठेवतो ती तात्पुरती फाईल) सापडली म्हणून. लोक वैतागून ते बंद करतात आणि मग रडतात.

रात्रपाळी
ताई, सुट्या विंडोत तो घोळ होत नाही. फाईल आत एकच असते, इकडे टाइप केलं की तिकडे लगेच दिसतं. पण दोन प्रतींचा मुद्दा मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

अर्धविराम
आहे की. विंडोवाल्यांना मदत करायची इच्छा नव्हती, तरी सांगतो. लाइव्हच्या फोल्डरमधल्या डॉट-व्हीएसकोड या उपफोल्डरच्या सेटिंगमध्ये कलर कस्टमायझेशन घाला आणि टायटल बार लालभडक करा. तो रंग त्या फोल्डरपुरताच राहतो. मी तरी टॅबच वापरणार.

पाटावरवंटा
लाल केलं. आज स्क्रीन शेअर करताना साहेबांनी विचारलं, काही एरर आलीय का?