2026 साली मोठ्या पडद्यावर नेमके काय पाहावे?

कर्वेनगरची गृहिणी :

नमस्कार. आमच्या घरी दर डिसेंबरात पुढच्या वर्षीच्या सिनेमांच्या तारखा नव्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने लिहून ठेवण्याची पद्धत आहे. पेन्सिलीने अशासाठी की त्या बदलतात आणि शाईने लिहिले की पान घाण होते. चौघांनी मल्टिप्लेक्सला जायचे म्हटले की तिकिटे, वाहनतळ आणि मध्यंतरातले खाणे धरून दोन हजार रुपये सहज उडतात. त्यामुळे वर्षाकाठी पाचच चित्रपट चित्रपटगृहात पाहायचे आणि बाकीचे ओटीटीवर येईपर्यंत थांबायचे, असे आम्ही ठरवले आहे.

आज, डिसेंबर 2025 मध्ये, नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेवर सात नोंदी आहेत. 19 मार्चला, म्हणजे गुढीपाडव्याला, 'धुरंधर'चा दुसरा भाग आणि यशचा 'टॉक्सिक'. 1 मे रोजी रितेश देशमुख यांचा 'राजा शिवाजी'. 17 जुलैला ख्रिस्तोफर नोलन यांचा 'द ओडिसी'. दिवाळीत 'रामायण'चा पहिला भाग. आणि 18 डिसेंबरला 'ड्यून'चा तिसरा भाग व 'ॲव्हेंजर्स : डूम्सडे' हे दोन्ही एकाच दिवशी. सासूबाई 76 वर्षांच्या आहेत, त्यांना मराठी आणि हिंदीच चालते आणि गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. मुलगा दहावीला आहे. परीक्षा संपल्या संपल्या 'धुरंधर'ला न्यायचे, असे वचन त्याने आमच्याकडून घेऊन ठेवले आहे. यजमानांना विज्ञानकथांचे वेड. सातातले कोणते दोन खोडावेत आणि यातल्या कोणत्या तारखांवर भरवसा ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मागची रांग :

पहिली नोंद खोडण्याचे काम आपल्याला बहुधा करावे लागणार नाही, प्रमाणपत्रच ते करून टाकेल. 5 डिसेंबरला आलेल्या 'धुरंधर'ला केवळ प्रौढांसाठीचे, म्हणजे 'ए' प्रमाणपत्र मिळालेले आहे. दुसऱ्या भागाचे प्रमाणपत्र अजून व्हायचे असले, तरी कथा तीच, दिग्दर्शक तेच आणि हाणामारीचा रंगही तोच असणार, तेव्हा तो सौम्य होऊन येईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. 2024 च्या नव्या नियमांनी 'यूए'चे 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन टप्पे केले आहेत आणि तिथे निर्णय पालकांवर सोडलेला आहे. 'ए' प्रमाणपत्राला मात्र आई-वडील सोबत असले तरी सवलत नाही. दाराशी आधार कार्ड मागतात आणि मुलाचा चेहरा पडतो. वचन देण्याआधी हे पाहायला हवे होते, असे म्हणणार नाही, कारण माझ्याही घरी हेच घडले आहे.

आता तारखांविषयी. जाहीर केलेली तारीख ही बऱ्याचदा प्रेक्षकांपेक्षा इतर निर्मात्यांना उद्देशून असते : हा आठवडा आमचा, तुम्ही दुसरा शोधा. 'टॉक्सिक' मुळात 10 एप्रिल 2025 ला यायचा होता. भन्साळींचा 'लव्ह अँड वॉर' आधी 2025 च्या नाताळात येणार होता, मग 20 मार्च 2026 ही तारीख आली. 'डूम्सडे'सुद्धा 1 मे 2026 वरून डिसेंबरात गेला, म्हणजे हा रोग आपल्याकडचाच आहे असे नाही. मी स्वतः पोस्टरवरची तारीख वाचतच नाही. चित्रीकरण संपले का, हे आधी पाहतो, आणि संगणकीय दृश्यांचे काम मोठे असेल तर झलक आल्यानंतरही थांबतो, कारण विलंब होतो तो तिथेच. 'द ओडिसी'चे चित्रीकरण ऑगस्ट 2025 मध्ये पूर्ण झाले, जाहीर झाल्यापासून त्याची तारीख हललेली नाही आणि परदेशात त्याच्या काही खेळांची तिकिटे तर प्रदर्शनाच्या वर्षभर आधी, जुलै 2025 मध्येच विकायला काढली होती. ती एक नोंद आपण शाईने करावी.

रीळ आणि पडदा :

शाईने लिहाच, पण पाहायला कुठे जाणार आहात, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. 'द ओडिसी' हा संपूर्णपणे आयमॅक्सच्या, म्हणजे अतिभव्य पडद्यासाठी बनवलेल्या, फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित झालेला पहिला कथापट आहे. या कॅमेऱ्यात 65 एमएमची फिल्म (दाखवायची प्रत 70 एमएमची) आडवी धावते आणि एका चौकटीला फिल्मच्या कडेच्या पंधरा छिद्रांइतकी लांबी लागते, त्यामुळे चित्राचे क्षेत्रफळ नेहमीच्या 35 एमएमच्या कित्येक पट भरते. हजार फुटांचे रीळ जेमतेम तीन मिनिटांत संपते आणि कॅमेऱ्याची घरघर एवढी मोठी असते की आजवर या कॅमेऱ्यावर संवादाची जवळची दृश्ये घेणे दिग्दर्शक टाळत आले. संपूर्ण चित्रपट त्यावर करणे ही म्हणूनच कौतुकाची गोष्ट आहे.

पण ते चित्र जसेच्या तसे पुण्यात दिसेल, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. 2023 साली 'ओपनहायमर' आयमॅक्सच्या 70 एमएम फिल्मवर जगभरात सुमारे तीसच ठिकाणी दाखवला गेला आणि त्यात भारतातले एकही चित्रपटगृह नव्हते. आपल्या मॉलमधले आयमॅक्स डिजिटल आहे. मूळ चौकटीचे रुंदी-उंचीचे प्रमाण 1.43 ला 1 असते, तर डिजिटल आयमॅक्समध्ये बहुतेक ठिकाणी ते 1.90 ला 1 असते. म्हणजे चित्राचा वरचा आणि खालचा भाग आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. तरीही साध्या पडद्यापेक्षा तो अनुभव निश्चितच मोठा असतो, आणि वर्षातून एकदाच जास्तीचे पैसे मोजायचे असतील तर मी ते इथे मोजेन. पुढच्या रांगा टाळा. मधोमध आणि मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलात की मान वर करून पाहावे लागत नाही.

18 डिसेंबरचा पेच निराळा आहे. 'ड्यून' आणि 'डूम्सडे' या दोघांनाही आयमॅक्सचा पडदा हवा आहे आणि एका पडद्यावर दिवसाला चार-पाचच खेळ बसतात. आपल्या यजमानांना विज्ञानकथा आवडतात, तेव्हा 'ड्यून' घ्यावा आणि 'डूम्सडे' खोडावा, असे माझे मत आहे. रॉबर्ट डाउनी ज्युनियर या वेळी खलनायक होऊन परततो, हे आकर्षण मला समजते, पण ती कथा कळण्यासाठी आधीचे किती चित्रपट पाहिलेले असावे लागतात, याची यादी करायला घेतली तर आपली दिनदर्शिका पुरणार नाही.

कर्वेनगरची गृहिणी :

दोघांचेही आभार. मुलाला 'ए' प्रमाणपत्राची बातमी आज जेवताना सांगितली. त्याने पोळी अर्धी टाकून दिली. आता सासूबाईंचे विचारते. 'राजा शिवाजी' मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत आहे, तर पुण्यात मराठी खेळ सोयीच्या वेळी मिळतील ना? आणि 'रामायण' त्यांना झेपेल का?

मंडईचा जुना प्रेक्षक :

ताई, 1 मे 2026 हा शुक्रवार आहे आणि महाराष्ट्र दिनाची सुट्टी आहे, तेव्हा पहिल्या तीन दिवसांत पुण्यात मराठी खेळांना तोटा असणार नाही. खरी परीक्षा त्यानंतरच्या सोमवारी होते. मल्टिप्लेक्सनी दुपारी 12 ते रात्री 9 या वेळेत मराठी चित्रपटाला खेळ द्यावा, असा सरकारी निर्णय 2015 पासून आहे. पण दुपारी सव्वाबाराचा खेळ दिला तरी कागदोपत्री नियम पाळला जातो आणि त्या वेळी नोकरदार माणूस कचेरीत असतो. यंदाच एका मराठी चित्रपटाचे दुसऱ्या मंगळवारचे तिकीट मी काढले होते. घरून निघून रिक्षात बसलो, तोच निरोप आला की पुरेशी तिकिटे न गेल्यामुळे खेळ रद्द झाला आहे. पैसे परत आले, रिक्षाचे भाडे गेले. म्हणून माझी विनंती अशी की मराठी चित्रपट पहिल्या आठवड्यातच पाहावा, आणि नोंदणी करताना भाषेच्या रकान्यात 'मराठी' आहे ना, हे दोनदा वाचावे, कारण दोन्ही भाषांचे पोस्टर एकसारखेच असते.

चित्रपटाविषयी म्हणाल, तर माझे कुतूहल रितेश यांच्या भूमिकेपेक्षा छायाचित्रणाविषयी अधिक आहे. संतोष सिवन मराठीत पहिल्यांदाच कॅमेरा हाती घेत आहेत आणि संगीत अजय-अतुल यांचे आहे. सह्याद्रीतला पाऊस आणि मशालींचा उजेड या माणसाच्या नजरेतून कसा दिसेल, एवढ्यासाठी मी दोनदा जाईन. शिवचरित्रावरील चित्रपटांची आपल्याकडे गेली काही वर्षे गर्दी झाली आहे आणि त्यातल्या बऱ्याच चित्रपटांत घोषणा जास्त, माणूस कमी, अशी अवस्था होती. ही भीती इथेही आहेच.

'रामायण'बाबत सासूबाईंना अवश्य न्या. 1917 साली दादासाहेब फाळके यांच्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. आज रणबीर कपूर, साई पल्लवी आणि रावणाच्या भूमिकेत यश, संगीताला ए. आर. रेहमान आणि हान्स झिमर; आणि दोन भागांचा खर्च निर्मात्यांच्याच सांगण्यानुसार 4000 कोटींच्या पुढे. मंडईजवळ आज जिथे आर्यनचा वाहनतळ आहे, तिथे पूर्वी आर्यन चित्रपटगृह होते. तिथे गाडी लावताना तेव्हाचा आणि आताचा हा हिशेब हटकून डोक्यात येतो. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे; चित्रपट दिवाळीत लागला तरी पहिल्या रविवारच्या गर्दीत आईंना नेऊ नका. आठवड्याच्या मधला दुपारचा खेळ घ्या आणि जिथे पार्किंगपासून पडद्याच्या दारापर्यंत लिफ्ट आहे, असेच ठिकाण निवडा. आत शिरताना कोणत्या रांगेपर्यंत पायऱ्या नाहीत, हे तिकीट खिडकीवर विचारले तर सांगतात.

मागची रांग :

'रामायण'विषयी एवढ्या आत्मविश्वासाने बोलणे मला धाडसाचे वाटते. जुलै 2025 मध्ये दाखवलेल्या झलकीत नावे आणि भव्यता होती, अभिनय जवळजवळ नव्हता. आपल्या आईंच्या पिढीने दूरदर्शनवरचा राम पाहिलेला आहे. त्या तुलनेतून हा चित्रपट सुटणार नाही. पहिले चार दिवस जाऊ द्यावेत, शेजाऱ्यांकडून ऐकावे आणि मग तिकीट काढावे.

रीळ आणि पडदा :

एक गोष्ट राहिली. या सातही नोंदी मोठ्या भांडवलाच्या आहेत. जानेवारीत पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, त्यात मराठी चित्रपटांची स्वतंत्र स्पर्धा असते आणि पुढे वर्षभरात जे चार चांगले मराठी चित्रपट केवळ एक आठवडा टिकतात, त्यांपैकी एखादा तिथे आधीच पाहायला मिळतो. शिवाय व्ही. शांताराम यांच्यावरील चित्रपटाची घोषणा याच महिन्यात झाली आहे; सिद्धांत चतुर्वेदी त्यांची भूमिका करत आहे. ज्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथेच शांताराम ज्या कंपनीचे एक संस्थापक होते, त्या प्रभातचा स्टुडिओ होता, तेव्हा त्याची तारीख लागेल त्या दिवशी निदान पुणेकरांनी तरी दिनदर्शिकेत एक कोपरा राखून ठेवावा.

कर्वेनगरची गृहिणी :

खाडाखोड केली आहे. 'धुरंधर' आणि 'डूम्सडे' गेले. पाडव्याला 'टॉक्सिक'चे प्रमाणपत्र पाहून मगच मुलाशी बोलणार. 'राजा शिवाजी' शनिवार, 2 मे, मराठी, चार तिकिटे, लिफ्टच्या जवळ. 'द ओडिसी' शाईने. 'रामायण'च्या पुढे 'शेजारी काय म्हणतात' असे लिहिले आहे. सासूबाईंनी ते वाचून सांगितले की शेजारी गेले तरी चालतील, नाही गेले तरी चालेल, त्या पहिल्याच दिवशी जाणार आहेत.