पद्मिनी: ब्रेकमधली हवा काढली, तरी पेडल मऊच

कळवेकर_७८
बाबांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी (फियाट) गाडी आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पेडलचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलणारा) सिंगल. गेल्या महिन्यात वागळे इस्टेटमध्ये ड्रम लेथवर कट मारून घेतले, शूंना (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानींना) नवे लायनर, म्हणजे घासणारे पट्टे, रिव्हेट केले, चाकातले शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरची रबरं बदलली. मग भावाला पेडलवर बसवून हवा काढली: डावं मागचं, उजवं मागचं, डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं. बाटलीत आता एकही बुडबुडा येत नाही. तरी पहिल्या दाबाला पेडल खूप खाली जातं. पंप केलं की वर येतं, पण पायाखाली उसळतं. ऑइल कुठेच गळत नाही. घोडबंदर रोडवर गायमुखच्या उतारावर बाबांना अशी गाडी घेऊन जाऊ देणार नाही. मास्टर सिलिंडर बदलू का?

ऐरोली_फियाट
आधी इंजिन बंद ठेवून पेडल घट्ट दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टरच्या आतलं रबर ऑइल सोडतंय. जागच्या जागी राहिलं तर मास्टरवर खर्च करू नका.

नेरुळ_ब्रेकवाला
वरचं बरोबर आहे, ते करूनच घ्या. पण तुमच्या लिहिण्यात मला एकच गोष्ट खटकली: ड्रमना कट मारलाय आणि लायनर नवे आहेत. हवा हवा म्हणत लोक ऑइलचे डबे रिकामे करतात आणि दोष निघतो शूमध्ये.

असं करा. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. चारही चाकांचे अ‍ॅडजस्टर (शू ड्रमच्या जवळ आणणारे) आवळत जा, चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत. आता पेडल दाबा. वर आणि कडक लागलं तर तुमची हायड्रॉलिक बाजू ठणठणीत आहे, हवा काढायच्या निपलला पाना लावायचं कारण नाही. तरीही मऊच राहिलं तर हवा आहे किंवा रबरी होज फुगतोय.

कडक लागलं तर एकेका चाकाचा अ‍ॅडजस्टर सैल करून, चाक जेमतेम मोकळं फिरेल एवढा ठेवा आणि प्रत्येक वेळी पेडल बघा. ज्या चाकाला पेडल एकदम मऊ पडेल, तिथे गुन्हेगार बसलाय.

तो ड्रम उघडा. लायनरवर आडवा खडू फासा, ड्रम चढवा, ब्रेक हलका लावून चाक फिरवा, परत उघडा. ड्रमला कट मारला की आतला व्यास वाढतो, लायनरची गोलाई मात्र जुन्या मापाचीच राहते. मग लायनर मधोमध टेकतो आणि दोन्ही टोकं अधांतरी. पेडल दाबलं की शू स्वतःच धनुष्यासारखा वाकतो. पायाला जे उसळणं जाणवतं ते हेच.

एक कळकळीने सांगतो, ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानेच पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

कळवेकर_७८
नेरुळकाका, शब्दन् शब्द तसंच केलं. पेडल धरून ठेवलं, बसलं नाही. सगळे अ‍ॅडजस्टर आवळल्यावर कडक. मागची दोन्ही सैल केली तरी ठीक होतं, पुढचं डावं सैल करताच मऊ. खडू फक्त मधल्या पट्ट्यात पुसला गेलाय, टोकांना तसाच आहे. आता लायनर घासून काढू?

नेरुळ_ब्रेकवाला
हाताने पॉलिश पेपर मारून गोलाई येत नाही. शू आणि त्याच चाकाचा ड्रम दोन्ही घेऊन लेथवाल्याकडे जा, लायनर त्या ड्रमच्या मापाला गोल करून द्यायला सांगा. पुढच्या उजव्याचेही सोबत न्या, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल. आणि ड्रमचं माप घेऊन बघा. ड्रमवर आतल्या व्यासाची कमाल मर्यादा कोरलेली असेल आणि ती ओलांडली असेल, तर तो ड्रम टाकायचाच. पातळ ड्रम तापला की पसरतो आणि उतारावर पेडल खाली जातं, आपण घाबरतो ते याच जागी.

चढवताना मास्टरच्या पुशरॉडला (पेडलपासून मास्टरला ढकलणाऱ्या दांड्याला) थोडी मोकळीक आहे ना ते तपासा. ती नसेल तर ऑइल परत टाकीत जायचं भोक झाकलेलं राहतं आणि गाडी तापली की ब्रेक धरून बसतात.

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं, सीलबंद डब्यातलंच. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा डबा ओल ओढतो. कोरडं डॉट ३ उकळतं २०५ अंशांना, ओल शिरली की मानकाप्रमाणे १४०पर्यंत उतरतं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

लायनर बसायला दोन-तीनशे किलोमीटर लागतील. तेवढे झाले की परत एकदा अ‍ॅडजस्ट करा, तोवर गायमुख नको. खारीगावातल्या आतल्या रस्त्यांवर चालवा.