वॉर्डातील क्लिनिकल फार्मासिस्ट नेमके काय पाहतात?

प्रश्न: हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी आईला वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू आहे. राउंडला डॉक्टरांसोबत क्लिनिकल फार्मासिस्टही येतात. त्यांची भूमिका काय असते?

उत्तर १: घरची औषधे आणि वॉर्डात लिहिलेली औषधे ताडून पाहणे, हे त्यांचे पहिले काम. वॉरफॅरिनसोबत मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक आले, तर साधारणतः २ ते ३ दरम्यान ठेवायचा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे मोजमाप) वाढून रक्तस्रावाचा धोका संभवतो. म्हणून ते पर्यायी औषध किंवा वॉरफॅरिनची कमी मात्रा आणि लवकर रक्ततपासणी सुचवतात. निर्णय अर्थात डॉक्टरांचाच.

उत्तर २: क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातील घटक) वाढले असल्यास औषधांची मात्राही तपासतात. फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रम आपल्याकडे २००८ पासून आहे, तरी अनेक रुग्णालयांत हे पदच नाही, याची खंत वाटते. आईंच्या सर्व गोळ्या, काढे-चूर्णांसह, त्यांना अवश्य दाखवा.