अनुभव धागा: एकट्यानं अनेक गिऱ्हाइकांच्या वेबसाइट सांभाळता? स्वस्तात कसं जमवता?

फेरीबोट (चोडण)
रोज सकाळी फेरीनं रायबंदरला उतरतो. पणजीत एका टेबलापुरती जागा भाड्यानं घेतली आहे, तिथं बसून वेबसाइट करतो. सध्या नऊ आहेत: तीन होमस्टे, दोन दुकानं, दातांचे एक डॉक्टर, एक काजूवाले, एक नाट्यमंडळ आणि एक देवस्थान. बनवताना पैसे मिळतात, पुढची वर्षं मात्र जवळजवळ फुकटात राबतो. नऊ होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) नऊ ठिकाणी, पासवर्ड वहीत, आणि सोमवारची सकाळ वर्डप्रेसचे, म्हणजे साइट ज्यावर चालतात त्या सॉफ्टवेअरचे, अपडेट दाबण्यात जाते. महागडी साधनं परवडत नाहीत. तुम्ही काय करता आणि कुठं तोंडघशी पडलात ते लिहा. दुसरं आधी लिहिलंत तर उत्तम.

मिक्सभाजी (म्हापसा)
मग फजितीच सांगतो. पैसे वाचवायला सीपॅनेल या होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलच्या एकाच खात्याखाली सहा साइट टाकल्या होत्या, ॲड-ऑन (जोडीच्या) डोमेन म्हणून. एका रेस्टॉरंटच्या साइटवर गॅलरीचं प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा भाग) दोन वर्षं अपडेट न होता पडून होतं. त्यातून कोणी तरी आत शिरलं आणि सहाही साइट गूगलवर जपानी मजकुरानं झळकायला लागल्या. खातं एक म्हणजे सगळ्या फायलींचा मालक एक, त्यामुळे एका साइटमधून बाकीच्या पाचांत शिरायला काहीच आडकाठी नव्हती. शुक्रवार होता. खिडकीखाली बाजार भरलेला, आणि बाजारात आलेली दोन गिऱ्हाइकं थेट वर माझ्या खोलीत.
आता रिसेलर होस्टिंग घेतो. तिथं प्रत्येक साइटला वेगळं खातं मिळतं. २०१९ मध्ये सीपॅनेलनं लायसनचे पैसे खात्यांच्या संख्येवर लावले, तेव्हा माझ्या होस्टनंही दर चढवले. कुरकुरतो, पण देतो.

माटोळी (फोंडा)
मिक्सभाजी बाब, मी तर सगळं एकत्रच ठेवलं होतं, मल्टिसाइट करून, म्हणजे एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट. वर्डप्रेसमध्ये ही सोय २०१० च्या ३.० आवृत्तीपासून आहे. एका कुटुंबाचे तीन होमस्टे एकाच इन्स्टॉलवर, अपडेट एकदाच. चार वर्षं सुखात गेली. मग भावांची वाटणी झाली. धाकटा म्हणाला, "माझी साइट मला काढून दे." मल्टिसाइटमध्ये प्रत्येक साइटच्या मजकुराची टेबलं वेगळी असतात, पण वापरकर्त्यांचं टेबल सगळ्यांत सामायिक, आणि फोटो साइटच्या क्रमांकाच्या फोल्डरात. तीन रात्री त्यात गेल्या. घरात मधली भिंत त्याआधी उभी राहिली होती!
आता मल्टिसाइट करण्याआधी मी भाऊ किती ते विचारते.

रापणकार (काणकोण)
चार डॉलरवाला व्हीपीएस (आपणच सांभाळायचा भाड्याचा सर्व्हर), ५१२ एमबी मेमरी, बेंगळुरूच्या डेटा सेंटरमधला. चार साइट चढवल्या आणि मेमरी संपून मध्यरात्री मायएसक्यूएल हा डेटाबेस बंद पडायला लागला. १ जीबीवर गेलो, स्वॅप (मेमरी कमी पडली की डिस्कवरची जागा) लावला, हेस्टिया हे फुकट पॅनेल बसवलं. आता ठीक. पण सुरक्षेचे पॅच आपणच टाकायचे, आणि जूनमध्ये इथं वीज गेली की सर्व्हर तिकडे चालू, मी इकडे अंधारात. लिनक्सची आवड नसेल तर या वाटेला जाऊ नका.

खतखतें (मडगाव)
सोमवार वाचवायचा असेल तर मेनडब्ल्यूपी बघा, सगळ्या वर्डप्रेस साइट एका जागेवरून सांभाळायला. मुक्त स्रोत आहे, मूळ भाग फुकट. एका वेगळ्या वर्डप्रेसवर डॅशबोर्ड बसवायचा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या साइटवर त्याचं चाइल्ड प्लगइन. माझ्या चौदा साइटचे अपडेट चहा निवायच्या आत होतात. तरी सगळं एका फटक्यात करत नाही. आधी माझ्या स्वतःच्या साइटवर, मग बाकीच्यांच्या.
बॅकअप अपड्राफ्टप्लस या प्लगइनच्या फुकट आवृत्तीनं गूगल ड्राइव्हवर जातात. इथंच मी आपटले. ड्राइव्हच्या फुकट १५ जीबीत जीमेलही मोजलं जातं. होमस्टेवाल्यांनी मोबाइलवरचे फोटो जसेच्या तसे चढवले, ड्राइव्ह भरला आणि दोन महिने एकही बॅकअप झाला नाही. इशाऱ्याची मेल आली होती, मी वाचली नव्हती. आता ज्याची साइट त्याचाच ड्राइव्ह, आणि दर तिमाहीला एक बॅकअप लॅपटॉपवर उघडून बघते.

फेरीबोट
खतखतें ताई, आणि डॅशबोर्डच फुटला तर?

खतखतें
तर चौदाही गेल्या. म्हणून तो गिऱ्हाइकांच्या होस्टिंगपासून लांब, दोन टप्प्यांच्या लॉगिनमागे आहे. आणि ती वही जाळ आधी. पासवर्ड ठेवायला बिटवॉर्डन फुकट मिळतं.

समई (डिचोली)
देवस्थानाला वर्डप्रेस हवंच कशाला? पूजेच्या वेळा, उत्सवाच्या तारखा, कार्यालयाचा फोन. वर्षातून चारदा बदल. आमच्या देवस्थानाची पानं मी ह्यूगो या पानं बनवायच्या साधनानं साधी एचटीएमएल करून क्लाउडफ्लेअर पेजेस या होस्टिंगवर फुकट ठेवली आहेत. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, अपडेट नाहीत. खर्च फक्त डोमेनचा.
आणि डोमेननंच रडवलं. ते जुन्या खजिनदारांच्या जीमेलवर घेतलेलं. समिती बदलली, नूतनीकरणाच्या सूचना त्यांनाच जात राहिल्या आणि ऐन चवथीत मुदत संपली. डॉट कॉम होतं, मुदतीनंतर काही दिवस साध्या दरात मिळतं म्हणून वाचलो. पुढं रिडेम्प्शनचे, म्हणजे गेलेलं डोमेन सोडवून घ्यायचे, ३० दिवस, त्यात दंड जबर. ओटीपीसाठी खजिनदारांच्या घरी गेलो. नव्या समितीवर त्यांचा राग होता. चार नेवऱ्या आणि अर्धा तास गाऱ्हाणं, मग ओटीपी.

माटोळी
पैशांचं कोणी बोललं नाही. मी देखभालीचे वर्षाला सहा हजार घेते, डोमेन-होस्टिंग वेगळं. होमस्टेवाल्यांकडे जुलैत मागून काही मिळत नाही, पावसात त्यांच्याही खोल्या रिकाम्या. म्हणून सगळ्यांची बिलं फेब्रुवारीत लावते, हंगाम चालू असताना. डोमेन मुदतीआधीही वाढवता येतं, सगळी त्याच महिन्यात उरकते.

फेरीबोट
काल रविवारी नऊ डोमेन कोणाच्या नावावर आहेत ते तपासत बसलो. चार माझ्याच नावावर निघाली, म्हणजे मला काही झालं तर ती माणसं अडकली. तीन त्यांच्या त्यांच्या नावावर. नाट्यमंडळाचं ज्याच्या मेलवर आहे तो मुलगा आता दुबईला असतो. आणि दातांच्या डॉक्टरांचं अकरा दिवसांनी संपतंय. दहा वाजता दवाखाना उघडला की फोन लावतो.